भाषण टेकडीवर, शिकवणी पायथ्याशी

अथेन्सला आलेला माणूस अ‍ॅक्रॉपलिसचं तिकीट काढतो आणि मान वर करून पार्थेननच्या दिशेनं चढू लागतो. दरवाजाच्या थोडं अलीकडे, वायव्येला असलेला एक उघडाबोडका खडक त्याच्या नजरेतून सहज सुटतो. इथं तिकीट नाही, सावली नाही, खांब किंवा भिंत असं काही उभंही नाही. शतकानुशतकांच्या पायांनी हा चुनखडीचा दगड इतका गुळगुळीत झालाय की खडकात कोरलेल्या जुन्या पायऱ्यांवरून उतरताना भलेभले बसून सरकतात. म्हणून बाजूला लोखंडी जिना लावलाय. संध्याकाळी तरुण पोरं सूर्यास्त पाहायला येऊन बसतात. बायबल हातात घेतलेल्या यात्रेकरूंचे गटही येतात. त्यांच्यासाठी पायथ्याच्या दगडात कांस्याचा एक मोठा फलक बसवलाय. त्यावर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातलं पौलाचं भाषण मूळ ग्रीकमध्ये आहे.

मराठी बायबलात या टेकडीला अरीयपग म्हणतात. ख्रिस्ताच्या आधी कितीतरी शतकं इथं शहरातल्या वडीलधाऱ्यांची सभा भरायची. इ.स.पू. ४६२ मध्ये एफिआल्टिसनं तिचे बरेचसे अधिकार काढून घेतले, पण खुनाचे खटले तिच्याकडेच राहिले. आईला मारणाऱ्या ओरेस्टिसचा खटला इस्किलसच्या नाटकात याच खडकावर चालतो. ग्रीसच्या आजच्या सर्वोच्च न्यायालयाचं नावही हेच आहे. हे न्यायालय मात्र शहरात दुसरीकडे, चांगल्या छपराखाली भरतं.

पौल इथं आला तो इ.स. ५० च्या आसपास. बाजारात तो रोज कुणाकुणाशी वाद घालत होता. त्यात एपिक्युरसचे अनुयायी होते, स्टोइक होते. त्यांनी त्याला अरीयपगापुढे उभं केलं. सभा तेव्हा प्रत्यक्ष टेकडीवर भरत होती की खाली बाजारातल्या राजस्तंभदालनात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे फलक कदाचित चुकीच्या दगडाला लागलाय. भाषण मात्र धूर्त होतं. पौलानं सुरुवात केली ती शहरात दिसलेल्या, अज्ञात देवाला वाहिलेल्या वेदीपासून. पुढे आधार घेतला तो अरातस या ग्रीक कवीचा. अरातस किलिकियाचा, म्हणजे पौलाच्याच मुलखातला, आणि स्टोइकांच्या हाताखाली शिकलेला. इथवर श्रोते ऐकत होते. मेलेला माणूस पुन्हा उठला, असं पौल म्हणाला आणि काही जण हसले. काहींनी पुन्हा कधीतरी ऐकू म्हणून काढता पाय घेतला. विश्वास ठेवणाऱ्यांमध्ये ‘कृत्यां’चा लेखक लूक दोनच नावं देतो: त्या सभेचा सभासद दिओनिसियस आणि दामारी नावाची एक बाई. दिओनिसियसच्या नावाचा रस्ता आज अ‍ॅक्रॉपलिसच्या दक्षिणेला आहे, पर्यटकांनी फुललेला. पण नव्या करारात करिंथकरांना, रोमकरांना, फिलिप्पैकरांना पत्रं आहेत. अथेन्सकरांना एकही नाही.

इथून पौल करिंथला गेला. तिथं त्याला न्यायासनापुढे ओढलं तेव्हा खुर्चीवर गॅलियो होता. हा रोमन अधिकारी म्हणजे स्टोइक तत्त्वज्ञ सेनेकाचा थोरला भाऊ. त्यानं फिर्याद दाखलच करून न घेता सगळ्यांना हाकलून दिलं. डेल्फीत सापडलेल्या एका शिलालेखात गॅलियोचं नाव आहे, आणि पौलाच्या प्रवासाच्या तारखा आज बऱ्याचशा त्यावरूनच ठरवतात. सेनेका आणि पौल इतक्या जवळून एकमेकांना चुकले, याची हळहळ पुढच्या ख्रिस्ती लोकांना इतकी वाटली असावी की कुणीतरी दोघांचा पत्रव्यवहारच रचून टाकला. चौथ्या शतकाच्या शेवटी संत जेरोमला ही पत्रं ठाऊक होती. पत्रं बनावट आहेत आणि वाचायला कंटाळवाणीही. पण ग्रीक-रोमन सज्जन आणि ख्रिस्ताचा शिष्य यांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं, ही इच्छा त्यांतून लपत नाही.

ही बोलणी पुढे खरोखरच झाली. ख्रिस्ती नीतिविचाराचा सांगाडा बराचसा ग्रीक आहे, आणि तो टेकडीवरच्या भाषणातून आलेला नाही. तो शाळेतून आला: पाठांतर, निबंध, वादसभा, गुरूच्या घरची शिकवणी. अथेन्समध्ये हे सगळं पायी हिंडून पाहता येतं. त्यासाठी आधी टेकडी उतरावी लागते.

उत्तरेला उतरलं की प्राचीन अगोरा, म्हणजे जुना बाजार. त्याच्या उत्तर कडेला पिरियसकडे जाणाऱ्या लोकलचे रूळ खंदकातून जातात. एकोणिसाव्या शतकात ही रेल्वे सरळ बाजारातूनच ओढली. रूळ ओलांडून पलीकडे गेलं की हॉटेलांच्या टेबलांच्या रांगेशेजारी कठड्याखाली एक खड्डा दिसतो. अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी १९८१ मध्ये तिथं एका स्तंभदालनाचे अवशेष उघडे केले. आतल्या भिंतींवर मॅरेथॉनच्या लढाईसकट मोठमोठी चित्रं होती, म्हणून त्याला चित्रदालन म्हणत. इ.स.पू. ३०० च्या सुमारास सायप्रसहून आलेला झेनो इथं फेऱ्या मारत शिकवायचा. परदेशी असल्यामुळे स्वतःची जागा विकत घ्यायचा हक्क नव्हता. स्टोइक हे नाव या दालनावरून पडलं. सद्गुण हेच एकमेव खरं धन, बाकी पैसा, आरोग्य, कीर्ती हे असलं तर ठीक, नसलं तरी चालेल, ही त्यांची शिकवण. जगातल्या एका मोठ्या नीतिशास्त्राची ही जन्मभूमी पाहायला कठड्यापाशी क्वचितच कुणी थांबतं. शेजारच्या टेबलांवर तळलेले स्क्विड येत-जात असतात.

सद्गुण चार, हा हिशेब झेनोच्याही आधीचा. प्लेटोनं ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात ते मांडले: शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय. स्टोइकांनी ते घेतले, अलेक्झांड्रियातल्या ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंनीही घेतले. शलमोनाच्या नावावर असलेला, पण प्रत्यक्षात ग्रीकमध्येच लिहिलेला ‘ज्ञान’ नावाचा एक ग्रंथ आहे. त्याच्या आठव्या अध्यायात हे चारही गुण एका ओळीत येतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलात हा ग्रंथ आहे, प्रोटेस्टंट बायबलात नाही. म्हणजे प्लेटोची यादी पवित्र शास्त्राच्या आत शिरली ती चर्च अस्तित्वात येण्याआधीच.

अगोराच्या दक्षिण टोकाला, अरीयपगाच्या उत्तर उतारावर, झाडीत दडलेले आणखी काही पाये आहेत. नकाशावर शोधल्याशिवाय सापडत नाहीत, आणि सापडल्यावरही ओळखू येईल असं फारसं उरलेलं नाही. चौथ्या-पाचव्या शतकातली ही मोठी घरं. अंगणं, न्हाणीघरं, आणि एका टोकाला अर्धवर्तुळाकार भिंत असलेली दालनं. इथं गुरू राहत आणि शिकवत असावेत, असा उत्खनन करणाऱ्यांचा कयास आहे. सहाव्या शतकात कुणीतरी या घरांतले काही पुतळे विहिरींमध्ये लपवले; ते शाबूत सापडले. त्यांतल्या एका घरातल्या चित्रफरशीचा मधला भाग काढून तिथं क्रुसाची नक्षी बसवलेली आहे. मालक बदलला, मजकूर बदलला, घर तेच राहिलं.

चौथ्या शतकात अथेन्स हे विद्यार्थ्यांचं गाव होतं. राजकीय वजन कधीच गेलं होतं. उरला होता तो शिकवणीचा धंदा. एकेका गुरूचे विद्यार्थी म्हणजे एकेक टोळी. नवा विद्यार्थी बंदरावर उतरला की त्याला पळवायला या टोळ्या टपलेल्या असत. लिबानियस हा अँटिऑकचा पुढे नावाजलेला वक्ता. तो एका गुरूकडे शिकायचं ठरवून आला, तर दुसऱ्याच गुरूच्या पोरांनी त्याला उचललं आणि आमच्याच सरांकडे शिकेन अशी शपथ घेईपर्यंत सोडलं नाही. टोळ्यांच्या मारामाऱ्या कोर्टात जायच्या. उघड्यावर व्याख्यान देणं इतकं जोखमीचं झालं होतं की गुरू घरातच छोटी संगमरवरी सभागृहं बांधून घेत, हे त्या काळच्या युनापियस या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. कोचिंग क्लासच्या जाहिरातींमध्ये वाढलेल्या मराठी वाचकाला हे वाचून फार नवल वाटू नये.

अशा गावात आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाहून दोन तरुण आले. ग्रेगरी अलेक्झांड्रियाहून जहाजानं येताना भर समुद्रात वादळात सापडला होता. अजून बाप्तिस्माही झाला नाही आणि आपण बुडतोय, या धास्तीनं त्यानं देवाला आयुष्य वाहिलं. नंतर आला बेसिल, गंभीर आणि अबोल. नव्या पोराला मिरवत न्हाणीघरापर्यंत न्यायचं, दारावर धक्के मारून आरडाओरडा करायचा, तो घाबरला की आत घेऊन आपल्यातला म्हणायचं, असं तिथलं रॅगिंग होतं. ग्रेगरीनं मित्रांना गळ घालून बेसिलची त्यातून सुटका केली. मैत्री इथून घट्ट झाली. आपल्याला या शहरात दोनच रस्ते ठाऊक होते, एक चर्चचा आणि दुसरा गुरूंच्या घराचा, असं ग्रेगरीनं पुढे बेसिलच्या मृत्यूनंतरच्या गौरवभाषणात सांगितलं.

त्यांचे गुरू दोन तऱ्हेचे होते. प्रोएरेसियस ख्रिस्ती, हिमेरियस जुन्या देवांना मानणारा. अभ्यासक्रम दोघांकडे तोच: होमर, डेमोस्थेनिस, प्लेटो. आणि ३५५ साली याच गावात, याच वर्तुळात, आणखी एक विद्यार्थी काही महिने होता. ज्युलियन, सम्राटाचा चुलतभाऊ. त्याची मान सारखी हलायची, नजर भिरभिरायची, तेव्हाच आपण ओळखलं होतं की रोमन साम्राज्य एक संकट पोसतंय, असं ग्रेगरीनं नंतर लिहिलं. ज्युलियन मेल्यावर हे लिहिणं सोपंच होतं म्हणा.

संकट आलं हे मात्र खरं. ज्युलियन ३६१ मध्ये एकटा सम्राट झाला, ख्रिस्ती धर्म सोडल्याचं त्यानं जाहीर केलं, आणि ३६२ च्या जूनमध्ये शिक्षकांसाठी फर्मान काढलं. त्याचा रोख असा: होमर आणि हेसिअड ज्या देवांना मानत, त्यांना खोटं म्हणणाऱ्यांनी होमर आणि हेसिअड शिकवू नयेत, ख्रिस्ती शिक्षकांनी आपल्या चर्चमध्ये जाऊन मत्तय आणि लूक शिकवावेत. प्रोएरेसियसला सूट देऊ केली होती. त्यानं ती नाकारून नोकरी सोडली. सिरियातल्या अपॉलिनारिस बाप-लेकांनी वेगळीच वाट काढली. बापानं मोशेचे ग्रंथ होमरच्या वृत्तात बसवले, मुलानं शुभवर्तमानं प्लेटोच्या संवादांसारखी लिहून काढली. ज्युलियन ३६३ मध्ये लढाईत मेला, फर्मान गेलं, आणि या पुस्तकांची कुणाला गरज उरली नाही. आज ती शिल्लकही नाहीत.

ज्युलियनचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. ज्यांचे देव नाकारायचे, त्यांचे ग्रंथ पोरांच्या हातात द्यायचे कशाला? तिकडे लॅटिन जगात तेर्तुलियननं दीडशे वर्षांपूर्वी अथेन्स आणि जेरुसलेमचा संबंधच काय, असं ठणकावून विचारलं होतं. कट्टर मूर्तिपूजक आणि कट्टर ख्रिस्ती यांचं इथं अगदी एकमत होतं.

याला बेसिलनं दिलेलं उत्तर एका छोट्या पुस्तिकेत आहे. ती तरुणांना, बहुधा स्वतःच्या पुतण्या-भाच्यांना, उद्देशून आहे: ग्रीक वाङ्मय कसं वाचावं. तोवर तो कॅपाडोशियातल्या सिझेरियाचा बिशप झाला असावा. मधमाशी सगळ्या फुलांवर जात नाही आणि बसलेल्या फुलातलं सगळं उचलत नाही, तसं वाचा, असं तो सांगतो. मग उदाहरणं. दोन वाटांच्या फाट्यावर बसलेला तरुण हेराक्लिस, एकीकडे सुखाची सजलेली बाई, दुसरीकडे सद्गुणाची रोडावलेली बाई; ही सॉफिस्ट प्रोडिकसची गोष्ट. दारूच्या नशेत तोंडावर ठोसे लगावणाऱ्या माणसापुढे शांत उभा राहिलेला सॉक्रेटिस. आणि पेरिक्लिस. याच अगोरात एक जण त्याला दिवसभर शिव्या देत मागे फिरला. अंधार पडल्यावर पेरिक्लिसनं त्याला दिवा देऊन सुखरूप घरी पोचवलं. दुसरा गाल पुढे करा, या येशूच्या सांगण्याशी बेसिल या गोष्टी नेऊन भिडवतो. फक्त सांगणं नव्हे, असं कुणीतरी वागूनही दाखवलंय, हे पोरांच्या मनावर बिंबावं हा त्याचा हेतू.

पुस्तिकेचं नशीब मोठं निघालं. १४०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या लिओनार्दो ब्रुनीनं तिचं लॅटिन भाषांतर केलं, आणि छपाई सुरू झाल्यावर तिच्या आवृत्त्या युरोपभर निघाल्या. ग्रीक ग्रंथ शाळेत शिकवण्याबद्दल कुणा धर्मगुरूनं कुरकुर केली की शिक्षक बेसिल पुढे करायचे.

पण बेसिलनं सगळंच तसंच्या तसं घेतलं नाही. चार सद्गुणांच्या यादीत एक माणूस कुठंच बसत नाही: दारात आलेला भिकारी. अ‍ॅरिस्टॉटलकडे उदारपणा आहे, नगरासाठी नाटक बसवणं, जहाज बांधून देणं असा भव्य खर्चही गुणात मोडतो. पण महारोग्याला माझ्या कोठीवर हक्क आहे, असं तो म्हणत नाही. ३६९ च्या सुमारास कॅपाडोशियात दुष्काळ पडला तेव्हा बेसिलनं धान्य दाबून ठेवणाऱ्या श्रीमंतांना प्रवचनांतून सोलून काढलं आणि स्वतः अन्न वाटलं. पुढे सिझेरियाच्या वेशीबाहेर त्यानं आजारी, महारोगी आणि वाटसरू यांच्यासाठी इमारतींचा असा पसारा उभा केला की ग्रेगरीनं त्याला नवं शहर म्हटलं. अथेन्सचा विद्यार्थी अथेन्सच्या पुढे गेला तो इथं.

अगोरापासून वायव्येला दोनेक किलोमीटरवर अकादेमिया प्लातोनोस नावाची साधी कामगारवस्ती आहे. सिटी बस जाते, चालतही जाता येतं. मधोमध झाडांची मोठी बाग, बागेत व्यायामशाळेचे पाये, बाकांवर म्हातारे, कुत्री फिरवणारी माणसं, फुटबॉल खेळणारी मुलं. इ.स.पू. ३८७ च्या सुमारास प्लेटोनं अकादमी काढली ती इथं. सिसेरो इ.स.पू. ७९ मध्ये भाऊ, चुलतभाऊ आणि मित्रांसोबत दुपारच्या वेळी मुद्दाम इथवर चालत आला होता, कारण दुपारी इथं गर्दी नसते. आजही नसते. प्लेटोची आठवण कशी दाटून येते, हे त्या मंडळींच्या तोंडून त्यानं लिहून ठेवलंय. प्रवासवर्णनात तत्त्वचर्चा घालण्याची खोड फार जुनी म्हणायची.

सिसेरोचं अथेन्सशी आणखी एक नातं आहे, बापाचं. इ.स.पू. ४४ मध्ये त्यानं मुलाला, मार्कसला, इथं क्रॅटिपस या गुरूकडे शिकायला ठेवलं होतं. मुलगा अभ्यास कमी आणि उधळपट्टी जास्त करतोय, या काळजीनं त्यानं लांबलचक पत्ररूपी ग्रंथ लिहिला: ‘कर्तव्यांविषयी’. आधार होता पनाइटियस या स्टोइकाचा, आणि ढाचा त्याच चार सद्गुणांचा. मार्कसवर परिणाम किती झाला कोण जाणे. तो एका घोटात दोन मोठी मापं दारू रिचवायचा, अशी नोंद थोरल्या प्लिनीनं करून ठेवलीय.

बापाचा उपदेश वाया गेला नाही, इतकंच. सव्वाचारशे वर्षांनी मिलानचा बिशप अँब्रोज यानं आपल्या धर्मगुरूंसाठी त्याच नावाचा, त्याच तीन भागांचा ग्रंथ लिहिला. सिसेरोचे रोमन वीर काढून त्यांच्या जागी अब्राहाम, योसेफ, दावीद बसवले. चार सद्गुणांना ‘कार्डिनल’ हे बिजागरीच्या लॅटिन शब्दावरून आलेलं जे विशेषण आजही कॅथलिक प्रश्नोत्तरीत वापरतात, ते अँब्रोजचंच. लूकच्या शुभवर्तमानात येशू चार प्रकारच्या माणसांना धन्य म्हणतो. त्या चौघांची सांगड त्यानं चार सद्गुणांशी घातली. सांगड ओढूनताणून आहे, पण टिकली. पौलानं करिंथकरांना लिहिलेले विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन त्यात मिळवले की सात होतात. ही सातांची यादी मग युरोपातल्या चर्चच्या भिंतींवर शेकडो वेळा रंगवली गेली.

अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टीनला मात्र हे इतकं सोपं वाटलं नाही. धैर्य, संयम वगैरे गुण देवाकडे वळलेले नसतील, माणूस ते स्वतःच्या मोठेपणासाठी जोपासत असेल, तर त्यांना सद्गुण तरी का म्हणावं, असा त्याचा आक्षेप. रोमन वीर देशासाठी मेले खरे, पण कीर्तीच्या भुकेनं मेले. या आक्षेपाला पुढच्या हजार वर्षांत कुणाला वळसा घालता आला नाही.

अकादमी बंद पडली ती ऑगस्टीननंतर शंभर वर्षांनी. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियननं अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवायला बंदी केली. दमास्कियस, सिम्प्लिकियस आणि त्यांचे साथी इराणच्या खुस्रोच्या दरबारी गेले, तिथं मन रमलं नाही, आणि काही वर्षांत तहाच्या संरक्षणाखाली परतले. अरीयपगाच्या उतारावरच्या विहिरींत पुतळे गेले ते याच सुमारास.

आता मेट्रोनं एव्हान्जेलिस्मोस स्टेशन. रुंद, राजदूतावासांचा, झाडांचा रस्ता. इथं १९९६ मध्ये नव्या कलासंग्रहालयासाठी पाया खणताना एका व्यायामशाळेच्या भिंती लागल्या, आणि अ‍ॅरिस्टॉटलचं लायसियम ते हेच, हे नक्की झालं. इ.स.पू. ३३५ पासून तो इथं शिकवत होता. २०१४ पासून जागा लोकांसाठी खुली आहे. वर छप्पर, भोवती लॅव्हेंडर आणि रोझमेरी, मध्ये गुडघाभर उंचीचे पाये. पाहण्यासारखं फार नाही, पण जागा बघावी. कारण कुंपणाला लागून शेजारी आहे बायझंटाइन आणि ख्रिस्ती संग्रहालय. एका फ्रेंच सरदारणीनं १८४८ मध्ये बांधलेल्या वाड्यात ते वसलंय. कुणी मुद्दाम आखलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

संग्रहालयाच्या सुरुवातीच्याच दालनांत चौथ्या शतकातली दोन छोटी संगमरवरी शिल्पं आहेत. एकात प्राण्यांच्या गराड्यात वीणा वाजवणारा ऑर्फियस, दुसऱ्यात खांद्यावर मेंढरू घेतलेला उत्तम मेंढपाळ. जनावर खांद्यावर घेतलेल्या माणसाची ही ठेवण जुनी. अ‍ॅक्रॉपलिस संग्रहालयात इ.स.पू. सहाव्या शतकातला, खांद्यावर वासरू घेऊन अथीनाला वाहायला निघालेला माणूस पाहून इथं यावं. पाय धरण्याची पद्धत तीच. फरक एवढाच की वासराचा बळी जाणार आहे, आणि मेंढराला वाचवून आणलंय.

लायसियमच्या पायांवर उभं राहून आठवावा तो अ‍ॅरिस्टॉटलचा थोर मनाचा माणूस. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या चौथ्या भागात त्याचं वर्णन आहे. तो मोठ्या मानाला पात्र असतो आणि ते त्याला ठाऊक असतं. सावकाश चालतो, खर्जातल्या आवाजात बोलतो, उपकार करतो, पण घ्यायची लाज वाटते. ख्रिस्ती संतांच्या मालिकेत या गृहस्थाला बसवायचं कुठं? तिथं पहिला मान तर शिष्यांचे पाय धुणाऱ्याचा.

हे कोडं सोडवायला बसला तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस. त्यानं स्वतः कधी ग्रीस पाहिलं नाही. त्याला ग्रीक ग्रंथ पुरवणाऱ्यांत होता विल्यम मेर्बेके हा डॉमिनिकन. त्यानं १२६० मध्ये अथेन्सजवळच्या थीब्ज इथं बसून अ‍ॅरिस्टॉटलचं भाषांतर केलं आणि १२७८ मध्ये करिंथचा आर्चबिशप झाला, पौलाच्याच करिंथचा. पॅरिसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर १२१० मध्ये बंदी आली होती, ती मोडत निघाली होती. थॉमसनं ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात १८९ प्रश्न घेतले, त्यातले पहिले १७० याच सात सद्गुणांचे. अ‍ॅरिस्टॉटलचं धैर्य रणांगणावर सर्वांत उजळतं. थॉमसकडे ते श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्या हुतात्म्यात उजळतं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो सद्गुण सवयीनं येतो. थॉमस म्हणतो येतो, पण काही सद्गुण देव थेट मनात घालतो. आणि थोर मनाच्या माणसाचं काय? थॉमस म्हणतो, देवानं आपल्याला काय दिलंय ते पाहिलं की माणूस थोर मनाचा होतो. आपलं उणं काय ते पाहिलं की नम्र होतो. दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात. सांधेजोड अत्यंत हुशार आहे, पण सांधा दिसतो. अ‍ॅरिस्टॉटलला ती कबूल झाली असती असं वाटत नाही.

ल्यूथरलाही झाली नाही. सप्टेंबर १५१७ मध्ये, ते प्रसिद्ध ९५ मुद्दे मांडण्याच्या जवळजवळ दोन महिने आधी, त्यानं वेगळे ९७ मुद्दे मांडले. त्यांत अ‍ॅरिस्टॉटलचं जवळजवळ सगळं नीतिशास्त्र देवाच्या कृपेचं हाडवैरी ठरवलं होतं. सरावानं माणूस चांगला होत नाही, असं त्याचं ठाम मत. गंमत म्हणजे त्याचाच उजवा हात मेलांख्थन विटेनबर्गमध्ये तेच पुस्तक शिकवत राहिला. शाळा इथंही जिंकली.

या शाळेची एक शाखा गोव्यात पोचली. जेझुइटांच्या ताब्यातलं जुन्या गोव्याचं विद्यालय पौलाच्याच नावाचं होतं. भारतात पहिला छापखाना १५५६ मध्ये तिथं चालू झाला, आणि त्यावर आधी छापली गेली ती विद्यार्थ्यांनी वादसभेत मांडायची प्रमेयं. १५९९ च्या जेझुइट अभ्यासक्रमानं तत्त्वज्ञानात अ‍ॅरिस्टॉटल आणि ईशज्ञानात थॉमस हे दंडकच घालून दिले. १६१६ मध्ये राचोलला मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापणारा थॉमस स्टीफन्स याच संघाचा.

राहता राहिलं पार्थेनन. पाच-सहाव्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं ते चर्च होतं. आधी ऑर्थोडॉक्स, १२०४ नंतर कॅथलिक, दोन्ही वेळा मरियमेला वाहिलेलं. खांबांवर भाविकांनी कोरलेले दोनशेहून अधिक लेख सापडलेत. उत्तर बाजूच्या टोकाचं एक शिल्प बाकीच्यांसारखं छिनलेलं नाही. त्यातल्या दोन देवी भाविकांना गाब्रिएल दूत आणि मरियम वाटल्या असाव्यात, म्हणून ते वाचलं, असा तर्क आहे. खरा असो-नसो, चांगला आहे.

अथेन्सला जायचं तर जानेवारीच्या शेवटी जावं. गर्दी कमी, ऊनही सोसवणारं. ३० जानेवारीला ग्रीसच्या शाळांमध्ये विद्येचा सण असतो. तो प्लेटोचा नाही, अ‍ॅरिस्टॉटलचाही नाही. तो ‘तीन धर्माचार्यां’चा आहे: लिबानियसचा शिष्य मानला जाणारा योहान क्रिसोस्तोम, आणि अथेन्सचे माजी विद्यार्थी बेसिल व ग्रेगरी.